सहावा नमुना

वाचकाचं पत्र

"मॅडम, सप्रेम नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. वडील चादरीच्या कारखान्यात माग चालवतात, आई विड्या वळते. यंदा फिजिक्समध्ये एमएस्सी झाले. प्रोजेक्ट कोबाल्ट फेराईटच्या नॅनोकणांवर होता. सहा नमुने केले, एप्रिलमध्ये बाहेरच्या लॅबमधून खोलीच्या तापमानाला मोजून आणले. पाचांचे हिस्टेरेसिस लूप छान आले, सहाव्याचा एका बाजूला सरकलेला आला. सर म्हणाले, तो वगळ. वगळला, पण मनातून जात नाही.

आता सर म्हणतात, इथेच चुंबकीय पदार्थांवर पीएचडी कर. मला क्वांटम इंटिग्रेबल मॉडेल्सचं वेड लागलंय. रात्री मोबाईलवर व्याख्यानं ऐकते, निम्मं कळत नाही तरी बंद करवत नाही. मैत्रीण म्हणते, ग्रहांच्या वातावरणावर काम कर, पुढे इस्रोत नोकरी लागेल. आईवडील म्हणतात, बीएड करून शाळेत लाग, धाकट्या भावाचं शिक्षण अजून व्हायचंय. यांतल्या कोणत्या विषयाला भवितव्य आहे? आणि सोलापुरात शिकलेल्या मुलीला थिअरी जमते का?

— पूर्व भागातली एक विद्यार्थिनी"

उत्तर

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. वाटांबद्दल तू बरंच लिहिलंस आणि सहाव्या नमुन्याबद्दल जेमतेम दोन ओळी. पण मी प्रत्येक वेळी त्या दोन ओळींपाशीच अडले, म्हणून सुरुवात तिथूनच करते. वाटांचं मागाहून बघू.

लूप म्हणजे चुंबकीय क्षेत्र पुढेमागे नेताना नमुन्याचं चुंबकत्व काढतं ती बंद रेघ. तो सरकण्याची कारणं मोजकी असतात आणि ती एकेक करून तपासता येतात. सगळ्यात संभवनीय कारण म्हणजे चुंबकीय क्षेत्र अपुरं पडणं. कोबाल्ट फेराईट हा हट्टी पदार्थ आहे. एका दिशेला वळला की सहजासहजी उलटत नाही. यंत्राचं कमाल क्षेत्र त्याला पुरतं उलटवू शकलं नाही तर लूप अर्धवट मिळतो आणि सरकलेला दिसतो. आलेख काढून बघ, चढती आणि उतरती रेघ टोकाला पोचायच्या आधी एकमेकींत मिसळतात का. टोकापर्यंत वेगळ्याच राहत असतील तर तुझ्या नमुन्याचा काही दोष नाही, मोजणी अपुरी झाली आहे. दुसरी शक्यता, क्षेत्र मोजणाऱ्या सेन्सरचं शून्य हललेलं असणं. पण मग त्याच बैठकीत मोजलेले बाकीचे लूपही तेवढेच सरकायला हवेत, आणि तू तर ते छान आले म्हणतेस.

तिसरं कारण फार देखणं आहे. १९५६ साली मायकेलजॉन आणि बीन यांना कोबाल्टच्या बारीक कणांत असाच सरकलेला लूप दिसला. त्या कणांवर कोबाल्ट ऑक्साईडचा पापुद्रा चढलेला होता. आतला कोबाल्ट लोहचुंबकीय, वरचं ऑक्साईड प्रतिलोहचुंबकीय, म्हणजे त्यातले शेजारी स्पिन, अणूंमधले इवलेसे चुंबक, एकमेकांच्या उलट तोंड करून बसलेले. दोन्ही जिथे टेकतात तिथे वरचा थर आतल्याला एका बाजूला धरून ठेवतो. याला एक्सचेंज बायस म्हणतात. पुढे हार्डडिस्क वाचणाऱ्या सेन्सरमध्ये हाच परिणाम कामाला आला. मात्र कोबाल्ट ऑक्साईडची ही शिस्त साधारण १८ अंश सेल्सिअसच्या वर टिकत नाही. तुझी मोजणी एप्रिलातली. एसी लावून खोली पंचविसावर आणली असली तरी कोबाल्ट ऑक्साईडवर आळ घेता येत नाही. हेमटाईटवर, म्हणजे लोहाच्या ऑक्साईडवर, घेता येईल, कारण ते साडेसहाशे अंशांच्या वरही प्रतिलोहचुंबकीय राहतं, आणि फेराईट करताना लोहाचं प्रमाण किंवा भट्टीचं तापमान जरा पुढेमागे झालं की हेमटाईट उरतंच. तुझा एक्सआरडीचा, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासल्याचा, आलेख काढ. तांब्याच्या नळीचे क्ष-किरण असतील तर ३५ अंशांच्या जरा पुढे स्पिनेलचं, म्हणजे तुझ्या फेराईटच्या स्फटिकरचनेचं, मोठं शिखर असेल. त्याच्या अलीकडे, ३३ अंशांपाशी, छोटासा उंचवटा आहे का? असला तरी लगेच एक्सचेंज बायस म्हणून नाचू नकोस. त्यासाठी सहसा नमुना चुंबकीय क्षेत्रात ठेवून थंड करावा लागतो, आणि तसं तू केलेलं नाहीस. मला तरी पहिलंच कारण खरं वाटतं. पण माझ्या वाटण्याला इथे किंमत नाही, तुझ्या आलेखाला आहे.

मी इतक्या तपशिलात शिरले त्याला कारण आहे. पीएचडी करताना मी फेराईटचा विद्युतरोध तापमानाबरोबर कसा बदलतो ते मोजत होते. चार आकडे काही केल्या रेषेवर बसेनात, ते मी वगळले. मला तसं कुणी सांगितलंही नव्हतं. वर्षभराने भट्टी उघडली तेव्हा तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलचं टोक नमुन्यापासून बोटभर दूर सरकलेलं दिसलं. ते चार आकडे टोक सरकण्याआधीचे, म्हणजे तेवढेच खरे होते. रेषेवर गुण्यागोविंदाने बसलेले बाकीचे सगळे चुकीचे. वर्षाचं काम पुन्हा करताना जो त्रास झाला त्यापेक्षा, ते चार आकडे तेव्हा मला खुणावत होते आणि मी बघितलं नाही, याची रुखरुख मोठी होती.

तुझ्या सरांना नावं ठेवायला हे सांगत नाही. प्रोजेक्टला मुदत असते, बाहेरच्या लॅबमध्ये नमुन्यामागे पैसे मोजावे लागतात. पण सहाव्या नमुन्याची पुडी अजून कपाटात असेल तर मागून घे.

आता तुझ्या वेडाबद्दल. इंटिग्रेबल मॉडेल्सची व्याख्यानं तू ऐकतेस, पण पत्रात एकही गणित स्वतः सोडवल्याचं लिहिलेलं नाहीस. रागावू नकोस. ऐकताना सगळं वाहत पुढे जातं, कागदावर दुसऱ्याच ओळीला अडतं, आणि थिअरी म्हणजे त्या दुसऱ्या ओळीवर आठवडाभर बसून राहणं.

इंटिग्रेबल, म्हणजे ज्यांचं उत्तर नेमकं काढता येतं अशा मॉडेल्सची मूळ गोष्ट १९३१ सालची. त्याआधी १९२८ मध्ये हायझेनबर्गने लोहचुंबकत्वाचं मूळ शेजारच्या इलेक्ट्रॉनांमधल्या क्वांटम देवाणघेवाणीत आहे हे दाखवलं होतं. हान्स बेथे हा जर्मन भौतिकशास्त्रज्ञ तेव्हा पंचविशीच्या उंबरठ्यावर होता आणि रोमला फर्मीकडे आलेला होता. त्याने एका रांगेत उभे असलेले स्पिन घेतले. सगळे वर तोंड करून. एक उलटा केला तर तो उलटेपणा लहरीसारखा रांगेतून पळतो. दोन उलटे केले तर दोन लहरी भेटतात, एकमेकींतून पार होतात आणि जाताना फक्त एक कला-फरक (फेजमधला फरक) मागे ठेवतात. तीन उलटे केले की खरी मौज येते. तिघांची भेट कशी होईल? पहिला-दुसरा आधी भेटतील की दुसरा-तिसरा? तुझ्या घरी सुताशी रोजचा संबंध आहे, म्हणून असं सांगते. तीन सुतं शेजारी ठेवून त्यांचा क्रम पुरता उलटा करायचा आहे. आधी डावीकडची दोन ओलांडा किंवा आधी उजवीकडची, तीन ओलांडण्या कराव्याच लागतात आणि शेवटी क्रम तोच येतो. इंटिग्रेबल मॉडेलमध्ये नुसता क्रमच नव्हे, ओलांडताना जमलेला सगळा हिशेबही दोन्ही वाटांनी तोच येतो. म्हणून कितीही लहरी असोत, त्यांच्या गर्दीचा हिशेब दोघादोघांच्या भेटींवर निभावतो. या अटीला आज यांग–बॅक्स्टर समीकरण म्हणतात. यांग यांना ती १९६७ मध्ये भेटली, बॅक्स्टर यांना १९७२ च्या सुमाराला, दोघांना अगदी वेगवेगळ्या प्रश्नांत.

तुला घरचा अभ्यास देते. चार स्पिन वर्तुळात ठेव, प्रत्येकाचं आपल्या दोन शेजाऱ्यांशी प्रतिलोहचुंबकीय नातं, जोडणीची ताकद एक धर. पहिला आणि तिसरा एकत्र घे, दुसरा आणि चौथा एकत्र घे. सगळं गणित त्या दोन बेरजांच्या गुणाकारात मावतं. सर्वांत कमी ऊर्जा उणे दोन येते, म्हणजे दर स्पिनमागे उणे ०.५. हे पाटीवर होतं. मग सहा स्पिन घे. इथे ती युक्ती चालत नाही, ६४ गुणिले ६४ चा मॅट्रिक्स मांडावा लागतो. पायथनमध्ये मांड, साधा लॅपटॉप पुरे. उत्तर दर स्पिनमागे उणे ०.४६७ यायला हवं. आठ स्पिनांना मॅट्रिक्स २५६ चा, उत्तर उणे ०.४५६. आणि रांग अनंत लांब केली तर पाव वजा दोनचा नैसर्गिक लॉगॅरिदम, म्हणजे उणे ०.४४३. हे शेवटचं उत्तर हुल्थेनने बेथेच्या पद्धतीने १९३८ मध्ये काढलं, तेव्हा संगणक नव्हता. प्रत्येक स्पिनागणिक मॅट्रिक्सची बाजू दुप्पट होते. चाळीस स्पिनांना ती एक लाख कोटींच्या वर जाते. बेथेची युक्ती या डोंगराला वळसा घालून पलीकडे उतरते. हे आकडे मुद्दाम देतेय. तुझे जुळले नाहीत तर चूक स्वतः शोध. मग बेथेचं दोन उलट्या स्पिनांचं गणित हाताने पुरं कर. या सगळ्याला दोन महिने दे.

दोन महिन्यांनी काय होईल ते मी सांगू शकत नाही. वही मिटवत नसेल तर तू थिअरीची. पण तुझ्या पत्रावरून मला एक अंदाज आहे, तो स्पष्ट सांगते. मला वाटतं, तुझ्या पहिल्या दोन वाटा एकाच गावाला जातात.

पोटॅशियम कॉपर फ्लोराईड नावाचा एक स्फटिक आहे. त्यात तांब्याचे स्पिन एका दिशेने घट्ट साखळीत जोडलेले असतात, शेजारच्या साखळ्यांशी त्यांचं नातं क्षीण. म्हणजे बेथेची रांग, साक्षात पदार्थात. १९९० च्या दशकात त्यावर न्यूट्रॉन सोडून मोजमापं झाली. न्यूट्रॉनने दिलेला धक्का एका लहरीत राहत नाही, तो दोन तुकड्यांत फुटतो आणि प्रत्येक तुकड्याचा स्पिन अर्धा असतो. त्या तुकड्यांना स्पिनॉन म्हणतात. फाद्देयेव आणि तख्ताजान यांनी १९८१ मध्ये नुसत्या गणितातून हे सांगितलं होतं. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर १९६९ मध्ये चंचलकुमार मजुमदार आणि दीपन घोष यांनी अशाच एका साखळीची किमान ऊर्जेची अवस्था नेमकी शोधली, ते मॉडेल जगभर त्यांच्या नावाने ओळखलं जातं. श्रीराम शास्त्री आणि बिल सदरलंड यांनी १९८१ मध्ये स्पिनांची एक जाळी कागदावर मांडली, आणि १९९९ मध्ये जपानी संशोधकांना ती स्ट्रॉन्शियम कॉपर बोरेटमध्ये आढळली. गणित आधी, पदार्थाशी गाठ अठरा वर्षांनी. ती गाठ पडायला कुणीतरी तो पदार्थ शुद्ध करावा लागतो, आणि कुणालातरी ते गणित वाचता यावं लागतं. दोन्ही एकाच माणसाला थोडं थोडं येत असेल तर ते माणूस फार मोलाचं.

फेराईट करताना सायट्रिक ॲसिडची जेल हॉटप्लेटवर घट्ट होत होत अचानक पेट घेते आणि काळी हलकी राख फुलते, ती वेळ तुझ्या हाताला ठाऊक आहे. ते कौशल्य टाकून देऊ नकोस. सरांना भेटून विचार: पीएचडीचा एक भाग तांब्याच्या साखळीच्या संयुगांवर करता येईल का? अतिशीत तापमानाच्या मोजणीसाठी विद्यापीठांतल्या संशोधकांना इंदूरच्या यूजीसी-डीएई केंद्राकडे अर्ज करता येतो, आणि त्याच संस्थेच्या मुंबई केंद्रामार्फत भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ध्रुव अणुभट्टीवर न्यूट्रॉनचे प्रयोग होतात. सर हो म्हणाले तर सोलापुरात राहून चांगलं काम होईल. मात्र त्यांच्या मनात फेराईटमध्ये थोडं झिंक, थोडं निकेल घालून आणखी एक मालिका एवढंच असेल, तर विनम्रपणे थांब. तशा मालिका खूप झाल्या आहेत. पाच वर्षं द्यायची तर आधी विचारावं, या कामातून आपल्याला आज माहीत नसलेलं काय कळणार आहे?

ग्रहांच्या वातावरणाबद्दल थोडक्यात लिहिते. विषय हलका आहे म्हणून नव्हे, तुझ्या पत्रात त्याची ओढ दिसली नाही म्हणून. शुक्र स्वतःभोवती २४३ दिवसांत फिरतो आणि त्याचे वरचे ढग चार दिवसांत त्याला वेढा घालतात. एवढा वेग कशावर टिकतो, यावर अजून काम चालू आहे. भारताच्या शुक्रयानाला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, उड्डाण मार्च २०२८ चं ठरवलं आहे. त्यातून या विषयाला चांगले दिवस येतील. आणि वातावरण म्हटलं तर आपलं सोलापूरही मागे नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतलं गाव म्हणून पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात इथल्याच आकाशात मेघबीजनाचा प्रयोग केला. २७६ ढग तपासले, आणि वाऱ्याच्या दिशेच्या शंभर चौरस किलोमीटर भागात पाऊस सरासरी सुमारे १८ टक्के वाढल्याचं त्यांना आढळलं. ती विमानं घरघरत गेली तेव्हा गच्चीवर जाऊन पाहिली असशील आणि ढगाच्या आत काय चाललंय या विचाराने झोप उडाली असेल, तर मला कळव, मी माझं मत बदलेन. नुसत्या इस्रोतल्या नोकरीच्या आशेने जाऊ नकोस. त्या जागा थोड्या असतात, आणि विषय मनात नसेल तर जागा मिळूनही दिवस सरत नाही.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. बेथेने साखळी सोडवली त्याच १९३१ साली वीनर आणि हॉप यांनी एक प्रकारचं समीकरण सोडवण्याची रीत प्रसिद्ध केली. ताऱ्याच्या वातावरणातून प्रकाश बाहेर कसा झिरपतो, या प्रश्नातून ती आली होती. पुढे बेथेची साखळी चुंबकीय क्षेत्रात ठेवली तर काय होतं हे काढायला हीच रीत कामाला आली. तेव्हा यातली कोणतीही वाट धरलीस तरी कॉम्प्लेक्स ॲनालिसिस आणि लिनियर अल्जेब्रा तुला लागणारच. ते आजपासून पक्कं करायला घे, निर्णयाची वाट बघू नकोस.

सोलापुरात शिकलेल्या मुलीला थिअरी जमते का, असं तू विचारलंस. जमते. पण काही उणिवा आहेत आणि त्या झाकून उपयोग नाही. आपल्या एमएस्सीत कॉम्प्लेक्स ॲनालिसिस परीक्षेपुरतं होतं, ग्रुप थिअरी धावती होते आणि सेकंड क्वांटायझेशन पुष्कळदा राहूनच जातं. मुंबईच्या टीआयएफआर किंवा पुण्याच्या आयसर या संशोधन संस्थांत मुलाखतीला बसशील तेव्हा समोरचे तुझं गाव विचारणार नाहीत, फळ्यावर एक साधा प्रश्न देतील आणि तू कसा विचार करतेस ते बघतील. तिथे चार स्पिनांचं वर्तुळ तुझ्या हातातून निघालं तर अर्धी मुलाखत झाली. इंग्रजीचं दडपण घेऊ नकोस. फळ्याकडे तोंड करून, लहान लहान वाक्यांत बोल.

आता घरचं. आईवडिलांची काळजी पैशाची आहे आणि ती खरी आहे. तिला स्वप्नांनी उत्तर देऊ नकोस, आकड्यांनी दे. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, घरभाडं वेगळं. त्यातून भावाच्या शिक्षणाला हातभार लागेल. डिसेंबरची नेट आणि संशोधन संस्थांच्या प्रवेशाची जेस्ट या दोन्ही परीक्षांना बस. आईवडिलांना एक ठरावीक मुदत सांग, दोन प्रयत्न. तेवढ्यात फेलोशिप मिळाली नाही तर बीएडचा अर्ज भरायचा, आणि तो मनापासून भरायचा. शाळेत चांगली फिजिक्सची बाई मिळणं किती दुर्मीळ आहे ते मी पस्तीस वर्षं येणाऱ्या मुलांच्या वह्यांतून बघितलंय.

आणि वडिलांना एकदा लॅबमध्ये घेऊन जा. रविवारी नको, काम चालू असताना. भट्टी दाखव, पुड्या दाखव, आलेख दाखव. ताण्याचं एक सूत तुटलं तर ते माग थांबवतात, गाठ मारतात, मगच पुढे जातात. सहाव्या नमुन्याची गोष्ट त्यांना सांग. ती त्यांना लगेच कळेल.

जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या आधी मला पुन्हा पत्र लिही. सहा स्पिनांचं उत्तर किती आलं, लूपच्या दोन रेघा कुठे मिसळल्या आणि ३३ अंशांपाशी काय दिसलं, एवढं त्यात हवं. आलेखाची झेरॉक्स जोड.